बायांचा माईक

“आदी जसा व्हता तसा करून द्या,” शोभाबाईंनी टेपरेकॉर्डर माझ्या काउंटरवर ठेवला. “तुमी दुरुस्त करून बिगडवलाव त्याला.”

कमलनगरच्या बस स्टँडसमोर मी बेचाळीस वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्त करतोय. एवढ्या वर्षांत लोकांनी मला हरतऱ्हेची बोलणी ऐकवली. काम वेळेवर दिलं नाही म्हणून, दिलेलं दोन दिवसांत बंद पडलं म्हणून, आतला चांगला पार्ट काढून जुना घातला म्हणून. हा शेवटचा आरोप साफ खोटा आहे, पण तो असो. वस्तू दुरुस्त झाली म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक मात्र मी त्या शुक्रवारी सकाळी पहिल्यांदा पाहिलं.

“बिगडला म्हंजे काय झालं, अक्का?” मी विचारलं. तोपर्यंत मी शांत होतो.

“आवाज गेला.”

मी हेडफोन कानाला लावला आणि टेपचं बटण दाबलं. कॅसेटवरच्या गायकाचा, नागनाथ मास्तरांचा आवाज दोन्ही कानांत भरून आला. कॅसेट तीस वर्षांची असून इतका स्वच्छ आवाज निघाला, याचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं. हेडफोन काढून मी त्यांच्यापुढे धरला.

“ह्यो काय? खणखणीत यायलाय की.”

शोभाबाईंनी हेडफोनचा एक भोंगा कानाला टेकवला, दोन क्षण ऐकलं आणि परत दिला. “ह्यो न्हवं,” त्या म्हणाल्या.

आता मला थोडं मागचं सांगायला हवं. हा टेप सोमवारी माझ्याकडे आला तो शोभाबाईंच्या मुलाच्या हातून. प्रेमानंद हायस्कुलात शिकवतो, स्वभावानं चांगला, फक्त घाईत असतो. टेप म्हणजे वर मूठ असलेला, दोन स्पीकरचा जुना स्टिरिओ. एका स्पीकरचा पडदा उंदरांनी खाल्लेला, दुसरा नुसता घरघरत होता. त्या मापाचे स्पीकर आता मिळत नाहीत, म्हणून घरातल्या कुणीतरी मोबाईलचा हेडफोन त्याला जोडला होता. “अण्णा, गान्यातला आवाजच गेलाय,” प्रेमानंद म्हणाला. “गानारा येतच न्हाई, नुसती ढोलकी आन् मागचं यायलंय. आई तसंच घिऊन बसती रोज ऐकत. तिला काय कळंना त्यातलं. नीट करून ठिवा.”

मोबाईलचा हेडफोन म्हटल्यावर मी कपाळाला हात लावला. गेल्या सहा-सात वर्षांत मला जुन्या टेपांनी जेवढं छळलं नाही तेवढं या पिनांनी छळलं आहे. लोक माळ्यावरून टेप काढतात, धूळ झटकतात, त्यात मोबाईलची पिन खुपसतात आणि टेप बिघडला म्हणून माझ्याकडे येतात. जुन्या हेडफोनच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात. म्हणजे पिनेचे भाग तीन: डावा कान, उजवा कान आणि दोघांची मिळून परतीची एक तार. मोबाईलच्या पिनेवर रेघा तीन आणि भाग चार, कारण त्यात बोलायचा माईक वाढलेला असतो. जाडी दोन्हींची एकच, त्यामुळे पिन भोकात बरोबर बसते, आणि बसली म्हणजे चालली पाहिजे असं लोकांना वाटतं. आत मात्र परतीची तार जिथं टेकायला हवी तिथं माईकचा भाग टेकतो. मग दोन्ही कानांत जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि जे वेगवेगळं असतं तेवढंच उरतं. गाणारा नेहमी मधोमध, दोन्हीकडे सारखा. म्हणून नेमका तोच गायब होतो.

हे मी आजवर निदान शंभर जणांना समजावलं असेल. समजलं कुणालाच नाही. सगळं ऐकून घेऊन लोक शेवटी विचारतात, “मग टेपात कायतरी मोठं काम निगालंय का?”

प्रेमानंदनं आणलेल्या हेडफोनला वायरवर ते फोन उचलायचं बारीक बटण होतं. ते दाबलं की माईक आणि परतीची तार आत जुळतात. मी दाबलं, मास्तर आले. सोडलं, मास्तर गेले. रोग कळला. पिन कापून टाकली, तिच्या जागी दोन रेघांची जुनी पिन सोल्डर केली, टेपाचं हेड स्पिरिटनं पुसलं, पट्टा ढिला झाला होता तोही बदलला. बुधवारी प्रेमानंद आला आणि ऐकून टेप घेऊन गेला. “आई खूश व्हईल बगा,” म्हणाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि शुक्रवारी ती खूश झालेली आई माझ्यासमोर उभी होती.

“कुनाचा आवाज पायजे तुमाला?” मी विचारलं.

शोभाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोबाईलच्या कव्हरांच्या माळेकडे बघत म्हणाल्या, “बायांचा.”

“बाया हायत की मागं. झील धरल्याली ऐकू यायलीय.”

“मागं न्हाई. म्होरं यायच्या त्या.”

मी टेपावरचं बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवून दिलं. झील धरणाऱ्या, म्हणजे मास्तरांच्या मागून ओळ उचलणाऱ्या बायका डाव्या बाजूला होत्या, एवढं माझ्या कानांनी टिपलं होतं. शोभाबाईंनी पुन्हा ऐकलं. “मास्तर हायतच की हितं बी,” त्या म्हणाल्या. मग मी दुसरा जुना हेडफोन लावून पाहिला. हेड पुन्हा पुसलं. कॅसेट काढून, पेन घालून, गुंडाळून घट्ट केली. प्रत्येक वेळी त्या एक भोंगा कानाला टेकवायच्या आणि मान हलवायच्या. मधेच एकजण मोबाईलची काच बसवायला आला, त्याला मी उगाचच खेकसलो. तो शेजारच्या दुकानात गेला.

“हे बगा अक्का,” मी शेवटी हेडफोन खाली ठेवला. “कॅसेट भरताना जसं भरलंय तसंच ऐकू यीतंय आता. सोळा आणे बरोबर हाय. आदी तुमी जे ऐकायलाव ते चूक व्हतं. पिनंची चूक. ती काढली मी.”

“चूक असंल,” शोभाबाई म्हणाल्या. “मला तीच पायजे.”

बायको म्हणते, माझा राग डोक्यात नाही, हातात येतो. मी टेप उचलून त्यांच्या पिशवीत घालायला लागलो. त्यांनी पिशवीचं तोंड हातानं दाबून धरलं. “आयतवारी मन्नाएखेळ्ळीला जायचंय मला,” त्या म्हणाल्या. “भागम्माला कबूल केलंय. दोनच दीस हायत, अण्णा.”

“कोन भागम्मा?”

त्यांनी पिशवीतून कॅसेटची डबी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. कव्हरावर नागनाथ मास्तरांचा फोटो, एक हात वर केलेला. त्यांच्या मागे कुणाची तरी ढोलकी अर्धी कापलेली. वर निळ्या अक्षरांत नाव: गायक नागनाथ मास्तर आणि पार्टी.

“ती ढोलकी आमच्या मालकाची,” शोभाबाई म्हणाल्या. “आन् ती झील धरल्याली हाय नव्हं, ती मी आन् भागम्मा.”

मी स्टूल पुढे सरकवलं. त्या बसल्या. त्यांना आधी बसायला सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. बोलताना त्या सगळा वेळ डबीचं झाकण उघडत होत्या आणि लावत होत्या. मारोती, म्हणजे त्यांचे मालक, मास्तरांच्या पार्टीत ढोलकीला होते. लग्नानंतर दोन वर्षांनी झील धरायला बाई कमी पडली म्हणून शोभाबाईंना उभं केलं. भागम्मा आधीपासून होती. दिवसा शेतात खुरपायचं, जयंतीच्या दिवसांत गावोगाव गायचं, असं बारा वर्षं चाललं. मग हैदराबादला जाऊन ही एक कॅसेट भरली. दिवसभर उभं राहून गायलं. कॅसेट निघाली, खपलीही बरी. पण त्यात या दोघी असल्याचं घरातल्या कुणाला कधी पटलंच नाही.

“पोरं ल्हान व्हती तवा इचारायची, आई, तू कुटं हाईस ह्यात? मी म्हनायची, ते बग, ते मागं. ती म्हनायची, कुटं? मास्तर एवढ्या जोरात की आमी त्यांच्या आवाजाखाली. मग मीच सांगायचं सोडून दिलं.”

गेल्या महिन्यात नात प्रियंका सुट्टीला आली. आजीचा टेप बोलत नाही म्हणून तिनं आपला मोबाईलचा हेडफोन त्यात घातला. तिनं ऐकलं आणि आजीच्या कानाला लावला.

“मास्तर न्हाईतच,” शोभाबाई म्हणाल्या. “लांब हिरीत बसल्यासारके. आन् आमी दोघी म्होरं. मला आदी कळंनाच कोन गातंय. मग भागम्माचा सूर वळकू आला. मग म्हन्लं, ही दुसरी मी. प्रियंकानं इचारलं, आजी, ही तू हाईस? मी म्हन्लं, व्हय. तीस वर्सांनी कुनीतरी इचारलं बगा.”

“आन् मारोतीअण्णा काय म्हन्ले?”

“त्यांनी ऐकलं. म्हन्ले, ढोलकी बरी वाजलीया.”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

भागम्मा मन्नाएखेळ्ळीला लेकीकडे असते. दोन वर्षांपूर्वी एका अंगावरून वारं गेलं. चालता येत नाही, बोललेलं फक्त लेकीला कळतं. शोभाबाईंनी फोनवर तिला सांगितलं, कॅसेटमधल्या आपण दोघी आता नीट ऐकू येतो, रविवारी घेऊन येते. लेकीनं फोन कानाला धरला होता. भागम्मा काय म्हणाली ते लेकीनं सांगितलं: ती म्हणतेय, खोटं बोलू नको.

“आन् बुधवारी प्रेमानंदनं टेप आनला,” शोभाबाई म्हणाल्या. “लावला तर मास्तर. पयल्यासारके.”

“प्रेमानंदला सांगायचं नव्हं मग.”

“काय सांगू? हौसंनं करून आनलं त्यानं. लई बरं झालं बाबा म्हन्लं.”

मी उठलो आणि कापलेली पिन शोधायला लागलो. मी काढलेले पार्ट एका पत्र्याच्या डब्यात टाकतो आणि डबा भरला की भंगारवाल्याला देतो. भंगारवाला गुरुवारी येऊन गेला होता. तरी मी डबा उपडा करून पाहिला. त्यात एक माशी निघाली.

“व्हईल,” मी म्हणालो. “ह्यात काय अवघड हाय? तीन रेघांच्या पिना पायजे तेवढ्या हायत माज्याकडं.”

इथून पुढचा तास मी विसरणार नाही. दुकानात विकायला ठेवलेल्यांपैकी एक हेडफोन फोडला आणि टेपात घातला. मास्तर स्पष्ट आले. दुसऱ्या कंपनीचा फोडला. त्यात उजव्या कानात मास्तर, डाव्या कानात काहीच नाही. तिसऱ्यात नुसती खरखर. तीन रेघांच्या सगळ्या पिना सारख्या नसतात, कुणाचा माईक शेवटी तर कुणाचा मधे, हे मला माहीत होतं. शंभर लोकांना मी त्याच्यावर भाषण दिलं होतं. पण नेमकं हवं तेव्हा एकही पिन नीट बिघडत नव्हती. पिन आत घालून जराशी बाहेर ओढून धरली की मास्तर जायचे, हात हलला की परत यायचे. “ह्ये असं धरून बसावं लागंल,” मी म्हणालो. “भागम्माचा एकच हात चालतो,” शोभाबाई म्हणाल्या, “आन् माजा थरथरतो.”

बेचाळीस वर्षांत लोकांचे बिघाड काढता काढता माझे केस गेले. आता एक बिघाड करायचा होता, तर तो जमत नव्हता. मी पिनेला शिव्या दिल्या, ती बनवणाऱ्याला दिल्या, प्रेमानंदलाही मनातल्या मनात एक दिली. शोभाबाई स्टुलावर बसून होत्या. “चा सांगू का तुमाला?” त्यांनी विचारलं. माझ्या दुकानात बसून त्या मला चहा विचारत होत्या.

चहा पिताना डोकं जरा थंड झालं आणि मला माझीच लाज वाटली. पिनेच्या नादी लागायचं कारणच नव्हतं. परतीची तार जोडली म्हणून मास्तर आले. ती तोडली की जातील. पिन कुठलीही असो. बुधवारी मीच जोडलेली ती तार, आतल्या बाजूला, तांब्याची, केसाएवढी. शोभाबाईंचाच हेडफोन घेतला, पिनेचं टोपण फिरवून काढलं आणि माझा तो सोल्डरचा सुबक डाग तापवून उचलला. तार सुटली. मी हेडफोन कानाला लावला आणि टेप सुरू केला.

मास्तर नव्हते. ढोलकी होती, आणि दोन बायका माझ्या कानाशी उभ्या राहून गात होत्या.

आवाज काही फार असाधारण होते असं मी म्हणणार नाही. एक जाडसर, जमिनीवर पाय रोवून उभा. दुसरा बारीक, उंच जायची हौस असलेला. पहिल्या कडव्यानंतर झील धरताना बारीक आवाज जरा उतरतो. तेवढ्यात जाडसर आवाज त्याच्याखाली येतो आणि त्याला वर घेतो. हे सगळं एका ओळीत. मी कॅसेट मागे घेऊन ती ओळ पुन्हा ऐकली. मग तिसऱ्यांदा ऐकली. हे आवाज मी यापूर्वी कधी ऐकले नव्हते, आणि का ऐकले नव्हते ते मला एकदम आठवलं.

त्या काळात दुकानाबरोबर माझा माईकसेट होता. एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, चार माईक. लग्न असो, जत्रा असो, बसवजयंती असो की भीमजयंती, सगळीकडे मीच. मास्तरांच्या पार्टीला तर पाच-सहा वर्षं मीच माईक लावला. एक मास्तरांना, एक पेटीला, एक ढोलकीला आणि एक मागे उभ्या राहणाऱ्या बायांना. पण तो ॲम्प्लिफायर जुना होता. चारही माईक एकदम उघडले की शिट्टी मारायचा, कानठळ्या बसतील अशी. मग एक माईक बंद करावा लागायचा. कुणाचा करायचा, हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. मास्तरांनीही सांगितलं नव्हतं. माझा हात आपणहून त्या चौथ्या बटणाकडे जायचा.

आणि दरवेळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या दोघींपैकी एक स्टेजच्या कडेला येऊन, वाकून, मला विचारायची, “अण्णा, आमचा माईक चालू हाय नव्हं?” मी म्हणायचो, “हाय की, अक्का.”

हेडफोन कानाला तसाच ठेवून मी शोभाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. “आल्या का बाया?” त्यांनी विचारलं.

“आल्या,” मी म्हणालो आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला.

त्यांनी डोळे मिटले नाहीत की काही नाही. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. ती ओळ आली तेव्हा त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या, कानात हेडफोन असलेला माणूस बोलतो तसं: “हितं मी उतरलेय. भागम्मानं सावरलंय बगा.” कॅसेटची पूर्ण बाजू त्यांनी ऐकली. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मी त्यांना दुपारी या म्हणून सांगितलं.

मग मी हेडफोन परत घेतला, कारण काम अजून संपलं नव्हतं. प्रेमानंद घरात आहे, तो कधीतरी हेडफोन कानाला लावणार, मास्तर पुन्हा गेले म्हणून टेप उचलून पुन्हा माझ्याकडे आणणार. माझ्याकडेच आणला तर ठीक. उदगीरला नेऊन दुसऱ्या कुणाकडून नीट करून घेतला म्हणजे संपलं. म्हणून सुटलेली तार मी तशीच लोंबती ठेवली नाही. खेळण्याच्या मोटारीचा एक बारीक स्विच होता, तो त्या तारेच्या मधे बसवला, चारही बाजूंनी रबरी नळी चढवली आणि गरम करून आवळली. स्विच इकडे केला की तार जुळते आणि मास्तर येतात. तिकडे केला की तार सुटते आणि बाया येतात. इतका नेटका बिघाड मी आयुष्यात कुणाला करून दिला नव्हता.

“प्रेमानंद आला की हिकडं करा,” मी दाखवलं. “तो गेला की तिकडं.”

शोभाबाईंनी चार-पाच वेळा करून पाहिलं. मास्तर, बाया, मास्तर, बाया. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू दिसलं. “मास्तर बिचारे,” त्या म्हणाल्या. मग त्यांना शंका आली. “कुटली बाजू कुनाची ते भागम्माच्या लेकीला कसं कळंल? मी टेप तिकडंच ठिवणार हाय थोडे दीस.”

“लिवून देतो.” मी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि पेन घेतलं. “काय लिवू? बाया?”

“नावं लिवा की आमची,” त्या म्हणाल्या.

पट्टी बोटाएवढीच होती. मी ‘शोभाबाई’ लिहिलं आणि पुढे ‘भागम्मा’ लिहायला गेलो तर शेवटचं अक्षर मावेना. पट्टी फाडून टाकली, नवी घेतली आणि दोन्ही नावं एकाखाली एक, जमेल तेवढ्या ठसठशीत अक्षरांत लिहिली. ती स्विचच्या एका बाजूला चिकटवली. कॅसेटच्या डबीवर, फोटोत किंवा मी बांधलेल्या कुठल्या स्टेजवर ही नावं कधी लिहिलेली पाहिल्याचं मला आठवेना.

“आन् ह्या बाजूला? नागनाथ मास्तर?”

शोभाबाईंनी डबीकडे पाहिलं. “त्यांचं नाव हाय की हितं एवढं मोटं,” त्या म्हणाल्या. “तिकडं नुसतं ‘आणि पार्टी’ लिवा.”

मी वर पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. मी ‘आणि पार्टी’ असं लिहिलं.

टेपात मी सहा नवे सेल घातले, मन्नाएखेळ्ळीला लाईट असेल-नसेल म्हणून. त्यांनी टेप पिशवीत न घालता मुठीला धरून उचलला, हेडफोन गळ्यात अडकवला आणि दुकानाची पायरी उतरल्या. तिथं थांबल्या आणि मागे वळल्या.

“अण्णा, एक इचारू?”

“इचारा.”

“तवा आमचा माईक चालू असायचा का?”

मी हातातलं पेन काउंटरवर ठेवलं. ॲम्प्लिफायर जुना होता, शिट्टी मारायचा, चार माईक त्याला झेपायचे नाहीत, हे सगळं खरं होतं आणि तोंडाशी आलं होतं.

“बारीक असायचा,” मी म्हणालो.

“बारीक का बंद?”

“बंद, अक्का.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. “तरीच,” त्या म्हणाल्या. “आमी वरडून वरडून गायचो. दुसऱ्या दिशी दोघींचा बी गळा बसायचा. भागम्मा म्हनायची, आपलाच दम कमी पडायलाय.”

आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या.

त्यांच्या गावाकडची, तोरण्याची जीप अजून भरायची होती. शोभाबाई पुढच्या सीटवर बसल्या, टेप मांडीवर घेतला, हेडफोन डोक्यावरच्या पदराच्या वरूनच कानाला लावला आणि स्विच चाचपून पाहिला. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलायला लागले. शेजारी बसलेली बाई त्यांच्याकडे वळून बघत होती. मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलो. शेजारी बस घरघरत उभी होती, जीपचा ड्रायव्हर गावांची नावं ओरडत होता, आणि त्या तिथं काय गात होत्या ते मला इथून ऐकू येत नव्हतं.